सोनपऱ्याचा डोह

त्या उन्हाळ्यात नदी इतकी आटली की डोहापर्यंत होडी वल्हवत नेता येईना. उथळ पाण्यात उतरून ती ढकलावी लागे, आणि ढकलायचं काम थोरलीकडे, थोरल्याच्या बायकोकडे होतं. थोरल्याचा उजवा खांदा मागच्या पुरात वल्हं मारताना निखळला होता. बसवला खरा, पण तेव्हापासून हात कानाच्या वर जात नव्हता. तो पुढे बसून दगड दाखवायचा. "डावीकडे घे. अजून. हां, आता सरळ." थोरली गुडघाभर पाण्यात, घोटे ठेचकाळत, होडीच्या मागच्या टोकाला छाती लावून ढकलत राहायची.

मधल्या फळीवर पाहुणा बसलेला होता. जन्मभर आगगाडी चालवून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. दर वर्षी यायचा. या वर्षी बायकोच्या आजारपणामुळे उशीर झाला आणि ऐन उन्हात आला. बाईमाणूस ढकलतंय आणि आपण बसलोय, याची त्याला लाज वाटत होती.

"मी उतरतो ना," तो म्हणाला.

"नको काका," थोरली धापा टाकत म्हणाली. "तुम्ही घसरलात तर तुम्हालाही ढकलावं लागेल मला."

काका हसला. थोरला हसला नाही. तो पाण्यात हात घालून बघत होता. डोहाचं पाणीही कोमट लागत होतं.

हा डोह पूर्वी थोरल्याच्या घराचाच समजला जायचा. त्याचा बाप इथेच जाळं टाकायचा. मग एका वर्षी कुणीतरी पाण्यात विष कालवलं. सकाळी लोक पाहतात तर डोहभर पांढरी पोटं. पोत्यांनी मासे भरून नेले लोकांनी, आणि पुढे कितीतरी दिवस जाळ्याला पाल्याशिवाय काही लागलं नाही. त्यानंतर गावानं समिती केली. डोहात जाळं बंद. बाहेरच्या माणसांनी गळ टाकून मासा धरायचा, हौस भागवायची आणि मासा जिवंत सोडून द्यायचा. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, त्यातून राखणदाराची आणि वाटाड्याची मजुरी. वाटाड्या म्हणून थोरल्याला नेमलं. धाकट्या भावाला हे कधीच पटलं नाही. तो जाळं घेऊन नदीच्या खालच्या अंगाला जाऊ लागला, डोहाकडे पुन्हा फिरकला नाही.

समितीचा नियम होता की उन्हाळ्यात गळ फक्त सकाळी टाकायचा, ऊन चढलं की आवरायचं. त्या दिवशी ऊन चढलं तरी काकाच्या गळाला काही लागलं नव्हतं.

"आणखी थोडा वेळ?" काका म्हणाला. "पुढच्या वर्षी येणं होईल की नाही, सांगता येत नाही. तिला घरी एकटं सोडून निघताच येत नाही आता."

थोरल्यानं आभाळाकडे पाहिलं, मग बायकोकडे. थोरलीनं तोंड फिरवलं. आजची मजुरी तर ठरलेलीच होती. पण म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या हातानं काय पाठवायचं, असं त्याच्या मनात आलं असावं. "टाका एकदा," तो म्हणाला.

आणि त्याच वेळी लागला. काठी वाकली, दोरी सरसरत गेली. होडी एका बाजूला फिरली. काका घाईवर आला नाही. सोनपऱ्या होता. या नदीतला सगळ्यांत मोठा मासा, परांच्या कडा पिवळ्याधमक, म्हणून हे नाव. तो तळाशी जाऊन बसला की दगडात अडकल्यासारखा वाटे, मग एकदम उसळी मारून दोरी ओढत नेई. काकाच्या मानेवरून घाम ओघळला. थोरली वल्ह्यानं होडी सांभाळत होती, तिचे हात भरून आले. केव्हातरी पाण्याखाली पिवळी चमक दिसली आणि मासा कुशीवर झाला.

थोरल्यानं दोन्ही हात आधी पाण्यात बुडवले. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि मग त्याला बुरशी धरते. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच चेपलेला होता, त्यामुळे गळ बोटभर ढकलताच सुटला. मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. काकानं वाकून त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, एवढंच.

"केवढा आहे हा," तो पुटपुटला. "फोटो नको. सोडा त्याला, सोडा."

थोरला पाण्यात उतरला. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. एरवी पाणी कल्ल्यांतून वाहू लागलं की मासा हळूहळू शुद्धीवर येई, शेपटी घट्ट होई, आणि एक झटका देऊन निघून जाई. त्या झटक्यानं थोरल्याच्या तोंडावर पाणी उडायचं आणि तो नेहमी तोंड न पुसता तसाच उभा राहायचा. पण आज प्रवाहात जोरच नव्हता. थोरल्यानं मासा धरून स्वतःच पुढेमागे चालायला सुरुवात केली. कल्ले उघडत, मिटत. मग उघडायला वेळ लागू लागला.

"सोडून बघा," थोरली म्हणाली.

सोडला की तो कुशीवर कलंडायचा. पुन्हा धरायचा, पुन्हा चालायचं. थोरल्याचा खांदा दुखायला लागला हे त्याच्या ओठांवरून कळत होतं. थोरली पाण्यात उतरली, तिनं पोटाखाली हात घातला. पोट गच्च होतं. दोघं नवराबायको तो मासा आजारी पोराला फिरवावं तसा फिरवत राहिली. शेवटी थोरला थांबला.

"गेला," तो म्हणाला.

काका फळीवर खाली मान घालून बसला होता. "माझ्यामुळे," तो म्हणाला.

"पाणी तापलंय काका. दमलेल्या माशाला तापल्या पाण्यात श्वास मिळत नाही. मला माहीत होतं ते. हो मी म्हटलं."

पुढचा प्रश्न थोरलीच्या डोळ्यांत होता. तो तिनं काकाला काठावर उतरवून, त्याची गळाची काठी आवरून देऊन, तो वाटेला लागेपर्यंत विचारला नाही. मग होडीत ओल्या पोत्याखाली ठेवलेल्या माशाकडे बघत म्हणाली, "घरी नेऊ या."

"नाही."

"मेलाय तो. मी मारला नाही, तुम्ही मारला नाही. आई महिनाभर म्हणतायत, तोंडाला चव नाही. एवढा मासा पाण्यात कुजायला टाकायचा?"

"मेला म्हणून आज आपण नेला, की उद्यापासून डोहातला प्रत्येक मासा मरायला लागेल," थोरला म्हणाला. "जो तो मेला म्हणूनच नेईल. कुणाला अडवायचं मग मी? कुठल्या तोंडानं?"

"लोकांचं तोंड बघा. घरच्यांच्या तोंडात काही पडलं नाही तरी चालेल."

थोरल्यानं पोतं बाजूला केलं. माशाच्या कल्ल्यातून दोरी ओवून त्यानं तिच्या टोकाला धोंडा बांधला आणि मासा डोहाच्या मधोमध नेऊन सोडला. थोरलीनं होडी ढकलत परत आणली. वाटेत एकदा तिचा पाय घसरला आणि नडगी फुटली. तिनं हूं की चूं केलं नाही, आणि त्यानंही मागे वळून पाहिलं नाही.

घरी म्हातारी दारात बसून होती. धाकटा अंगणात जाळं पसरून फाटलेले डोळे विणत होता. त्याच्या टोपलीच्या तळाशी बोटाएवढे थोडे मासे होते.

"आज कुणाला खेळवलं, दादा?" त्यानं विचारलं. "पकडायचं आणि सोडायचं. मला तर हे पाहुणे कळतच नाहीत. जेवायला बसायचं, घास तोंडाजवळ न्यायचा आणि परत ताटात ठेवायचा."

म्हातारी खोकत हसली. "त्याला बोलू नकोस. मागच्या सालापासून तुझ्या जाळ्यात पिल्लं यायला लागली, ती कुठून आली? वरनं आभाळातून?"

"वरच्या डोहातून आली असतील, मान्य. पण पिल्लांनी माझं पोट भरत नाही आई."

थोरला हातपाय धुऊन आत जाऊन पडला. झालेलं सांगावं असं त्याला वाटलं होतं, पण जीभ उचलली नाही. थोरलीनं भात शिजवला. 

दुसऱ्या दिवशी बायका नदीवर धुणं धूत असताना मासा तरंगत आला. धोंड्याची दोरी तुटून तिचा तुकडा कल्ल्यात लोंबत होता आणि पोट फुगलं होतं. बायकांनी आरडाओरडा केला. धाकटा तिथून जाळं घेऊन चालला होता. त्यानं मासा उचलला, खांद्यावर टाकला आणि सरळ चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर आणून आपटला. वास सुटला होता. माणसं जमली.

थोरल्याला कुणीतरी बोलावून आणलं. मागून थोरलीही आली.

धाकट्यानं कमरेची सुरी काढली आणि माशाचं पोट उभं फाडलं. आतून पिवळी गाभोळी बाहेर आली, अंडीच अंडी, दोन ओंजळी भरतील एवढी.

"बघा," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण डोळे भावाकडे नव्हते. "मी जाळ्यात धरली असती तर चोर झालो असतो. यांनी पैसे घेऊन मारली. मी खाल्ली असती, आईनं खाल्ली असती, अर्धं गाव जेवलं असतं. यांनी खेळ म्हणून मारली, आणि वर लपवली. धोंडा बांधून! दादा, खोटं असेल तर सांग."

चहावाला कपबशी हातात धरून उभा राहिला होता. समितीच्या बाई, शाळेमागे राहणाऱ्या, त्याही गर्दीत होत्या. सगळे थोरल्याच्या तोंडाकडे बघत होते. थोरलीला वाटलं, आता हा नेहमीसारखा गप्प बसणार, आणि जन्मभर हे ऐकून घेणार.

"खोटं नाही," थोरला म्हणाला. "ऊन चढल्यावर मीच टाकू दिला गळ. पाणी कोमट होतं. मला कळत होतं. आणि लपवलीही मीच. कालच तुमच्याकडे येऊन सांगायला पाहिजे होतं," तो बाईंकडे वळला. "जीभ रेटली नाही."

"मग आता?" मागून कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांना मोकळं करा डोह. गळानंही मरतात, जाळ्यानंही मरतात. एकच झालं."

"एकच नाही," थोरला म्हणाला. त्याला बोलायची सवय नव्हती. शब्द अडकत होते. "जाळ्यात आलेला एकही परत जात नाही. गळाचे जातात. थंड पाण्यात बहुतेक सगळे जातात, मी माझ्या हातानं सोडलेत. पण अशा पाण्यात नाही जात. तेव्हा अशा पाण्यात गळही नको. पाऊस पडून नदी वाहायला लागेपर्यंत डोहात कुणीच उतरायचं नाही. जाळं नाही, गळ नाही, होडी नाही."

"आणि पाहुणे?" चहावाल्यानं विचारलं. पाहुण्यांमुळे त्याचा चहा खपत होता.

"कळवायचं, येऊ नका म्हणून."

"तुमची मजुरी बंद होईल," समितीच्या बाई हळू म्हणाल्या. "पाहुणे नाहीत तर समितीकडे द्यायला काही नसतं. हे मीही सुचवणार होते, पण तुमच्या घराचा विचार करून थांबले होते."

"होऊ दे बंद."

थोरलीनं हे ऐकलं आणि ती तिथून निघाली. घरी येऊन तिनं चुलीपुढे बसून डबे उघडून पाहिले, पुन्हा लावले. थोरला आला तेव्हा तिनं विचारलं, "मला एका शब्दानं विचारायचं होतंत की नाही?"

"तिथे कसं विचारणार?"

"मग इथे विचारा. खाणीवर खडी फोडायला तुम्ही जाणार, या खांद्यानं? की मी जाणार?"

"दोघं जाऊ."

"हो. दोघं जाऊ," ती म्हणाली, आणि डबा इतक्या जोरात ठेवला की आतल्या खोलीतून म्हातारीनं काय पडलं म्हणून विचारलं.

खाण नदीच्या वरच्या वळणावर, डोहाच्या अलीकडे होती. ऊन खडकावर पडायचं आणि खडकातून परत अंगावर यायचं. थोरला डाव्या हातानं हातोडा चालवायला शिकत होता. चार घावांतले दोन फुकट जायचे, एखादा बोटावर बसायचा. मुकादम जाता येता म्हणायचा, "काय मच्छीवाले, दगड निसटतोय का? सोडून द्या, पुन्हा पकडा." बाकीचे हसायचे. थोरला मान वर करायचा नाही. थोरली त्याच्या वाटणीचे मोठे दगड आपल्याकडे ओढून घ्यायची. तिच्या तळहातांना आधी फोड आले, मग फोड फुटले, मग कातडी कडक झाली. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नसत. ती गरम तव्याजवळ धरून मोकळी करावी लागत.

धाकटा आता अंगणात जाळं विणायला बसत नव्हता. जेवायला यायचा, ताट घेऊन बाहेर जायचा. त्या दिवशी बाकावर जे झालं त्यानं तो जिंकला होता, पण जिंकल्यासारखा वागत नव्हता. एकदा म्हातारीनं विचारलं, "ती गाभोळी तू टाकलीस कुठे रे?" तर ताट तसंच ठेवून उठून गेला.

खालच्या अंगाला नदी तुटली. डबकी उरली, आणि डबक्यांत चिखल. धाकट्याच्या टोपलीत बोटाएवढेही मासे येईनात.

एका दुपारी खाणीवरचं पाण्याचं पिंप संपलं. पाणी आणणारी गाडी आली नव्हती. मुकादमानं थोरलीला हंडा देऊन डोहावर पाठवलं. "तुमचाच डोह आहे," तो म्हणाला, "तुम्हाला कोण अडवणार?"

ती उतारावरून खाली आली तेव्हा तिला आधी जाळं दिसलं. दगडांवर अर्धं, पाण्यात अर्धं. मग कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला धाकटा दिसला. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं आणि तो त्यावर वाकला होता.

थोरलीच्या तोंडून शिवी निघाली. एवढे दिवस ऊन, दगड, मुकादमाचं बोलणं, सगळं एकदम तिच्या डोक्यात गेलं. हंडा टाकून ती धावत पाण्यापाशी आली. "लाज नाही वाटत? तिकडे दादा तुझा बोटं ठेचून घेतोय, आणि तू..."

धाकट्यानं मान वळवली. त्याचा चेहरा भिजलेला होता, पाण्यानं की कशानं ते कळत नव्हतं.

"वहिनी, ओरडू नकोस," तो म्हणाला. "ये इकडे आधी. कसा धरतो दादा? शेपटीला धरतो ना? मी धरलंय तर ही सारखी कलंडतेय."

त्याच्या हातात सोनपऱ्या होता. जाळ्याच्या दोऱ्यांनी पाठीवरचे खवले उचकटले होते. पोट टम्म फुगलेलं.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग कपड्यांसकट पाण्यात शिरली.

"तोंड वरच्या अंगाला कर. पाणी येतंय त्या बाजूला."

"येतंय कुठे पाणी?"

"त्या कपारीतून येतं. तिथे गार आहे, त्या दिवशी सुचलं नाही आम्हाला. चल तिकडे. हळू. उचलू नकोस, पाण्यातच राहू दे." तिनं आपले हात बुडवले आणि माशाच्या पोटाखाली घातले. फोडांच्या कडक कातडीखाली तिला ते गच्च पोट लागलं, आणि कल्ल्यांची उघडझाप. "दाबू नकोस. नुसता आधार दे."

कपारीखाली खडकातून झरा पाझरत होता. तिथलं पाणी पायाला थंड लागलं. दोघं मासा मधे धरून उभी राहिली. वरून ऊन डोक्यावर मारत होतं.

"जाळ्यात लगेच आली," धाकटा खाली बघत म्हणाला. "एका फेकीत. मी काठावर काढली, सुरी काढली. आणि पोटाला हात लावला. त्या दिवशीची ती गाभोळी, वहिनी... मी नदीतच टाकली होती. वाटलं, काही तरी होईल तिचं. काही होणार नव्हतं, मला काय माहीत नाही? तरी टाकली."

थोरलीनं पोटाखालचा हात थोडा मागे सरकवला. माशाची शेपटी तिच्या मनगटाला लागून हलली, मग थांबली.

"घरात काही नाही ना?" त्यानं विचारलं.

"भात आहे."

"आईला म्हणालो होतो आज मासा आणतो."

"मिळाला नाही म्हणून सांग."

"रोज तेच सांगतो."

बराच वेळ गेला. तिचे पाय बधिर झाले. खाणीवरून मुकादमाची हाक ऐकू आली, मग आणखी एकदा, जास्त जोरात. ती हलली नाही. कल्ल्यांची उघडझाप एकसारखी होऊ लागली. शेपटी घट्ट झाली. मासा हातांतल्या हातांत वळवळला, जसं झोपेतलं मूल कूस बदलतं.

"सोड," थोरली म्हणाली.

"जाईल?"

"सोडून तर बघ."

त्यानं हात काढले. मासा तिथेच राहिला, सरळ, कपारीच्या सावलीत, पर हलवत. कलंडला नाही. मग त्यानं शेपटीचा एक झटका दिला. पाणी दोघांच्या तोंडावर उडालं, आणि पिवळी कड खोल पाण्यात दिसेनाशी झाली.

धाकटा तसाच उभा होता. मग त्यानं जाळं गोळा करायला सुरुवात केली. ते दगडाच्या खोबणीत अडकलं होतं, ओढलं तसं टराटरा फाटलं. शिवी देऊन त्यानं उरलेलं खांद्यावर टाकलं.

"दादाला सांगणार?"

"काय सांगू? जाळं टाकलंस ते, की सोडलीस ते?"

"दोन्ही नको."

"बरं."

तिनं हंडा भरून घेतला आणि डोक्यावर ठेवला. चढावर ओले कपडे पायांत अडकत होते. मागून धाकट्यानं विचारलं, "मुकादम अजून माणसं घेतोय का?"

"घेतो. बोलून घेतो बरंच. ऐकून घ्यावं लागतं."

वर आली तेव्हा मुकादमानं तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापल्याचं सांगितलं. तिनं हंडा पिंपात ओतला. थोरल्यानं तिच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"पडले," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढ्यातला मोठा दगड आपल्याकडे ओढला.

धाकटा उताराच्या कडेला उभा होता. फाटकं जाळं त्यानं एका झुडपावर टाकलं, हात पुसले आणि मुकादमाकडे चालत गेला. मुकादमानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, काहीतरी बोलून हसला, आणि ढिगाकडे बोट केलं. धाकट्यानं हातोडा उचलला. भावाच्या शेजारी जागा होती. तिथे तो उकिडवा बसला.

थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं, पुढचा दगड लावता लावता, म्हणाला, "कडेनं मार. मधे मारलास तर हाताला हिसका बसतो."

धाकट्यानं दगड फिरवला आणि कडेनं घाव घातला.